असंघटित श्रमिक आणि संशोधन : पुण्यातील कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांच्या संघटनेच्या इतिहासावरून काही विचार

१. विषयाचे स्वरूप

शहराच्या आर्थिक इतिहासाचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास एक अडचण प्रारंभीच जाणवते. गिरण्या, रेल्वे, बंदरे आणि सरकारी कचेऱ्या यांत काम करणाऱ्यांची नोंद कोठे ना कोठे सापडते. हजेरीपत्रके, पगारपत्रके, कारखाना-निरीक्षकांचे अहवाल, संपाच्या काळातील पत्रव्यवहार अशी साधने त्याच्या हाताशी असतात. परंतु डोक्यावर भाजीची पाटी घेऊन दारोदार हिंडणारी, घरी विड्या वळणारी, धुणीभांडी करणारी किंवा रद्दी-भंगार वेचणारी माणसे या दप्तरांत क्वचितच आढळतात. आढळलीच, तर ती बहुधा पोलिसांच्या किंवा अतिक्रमण हटविणाऱ्या खात्याच्या कागदांत आढळतात. म्हणजे ती काय काम करीत होती याची नोंद नाही. त्यांची अडचण कोणास झाली, एवढीच नोंद आहे.

या वर्गास आपल्याकडे ‘असंघटित श्रमिक’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या आपल्या अहवालात या संज्ञेचा विचार केला. कामाचे तात्पुरते स्वरूप, अज्ञान व निरक्षरता, विखुरलेली लहान कामाची ठिकाणे अशा कारणांमुळे समान हितासाठी ज्यांना एकत्र येता आले नाही ते असंघटित, असा त्या विवेचनाचा आशय होता. या वर्गाची व्याप्ती किती मोठी आहे हे पुढे अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या २००७ च्या अहवालाने दाखविले. २००४-०५ साली देशातील सुमारे ४६ कोटी श्रमिकांपैकी ८६ टक्के असंघटित क्षेत्रात होते, आणि संघटित क्षेत्रात असूनही संरक्षणाविना राबणारे त्यांत मिळविले असता हे प्रमाण ९२ टक्क्यांच्या घरात जात होते. तेव्हा ज्यांना आपण अपवाद समजत आलो तेच वस्तुतः नियम होते.

अशा श्रमिकांना संशोधनाचा उपयोग झाला काय, झाला असल्यास कोणत्या परिस्थितीत झाला आणि कोठे तो थांबला, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात पुण्यातील एका उदाहरणाच्या आधारे केला आहे. लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे, की केवळ श्रमिकांविषयी माहिती गोळा झाल्याने त्यांची स्थिती पालटली नाही. जेथे प्रश्न त्यांच्या गरजेतून निघाला, माहिती गोळा करण्यात त्यांचा स्वतःचा हात राहिला आणि आलेला निष्कर्ष त्यांच्या संघटनेच्या हाती पडला, तेथेच संशोधन कामी आले.

२. पूर्वपीठिका : पुण्याच्या पाहण्या आणि माथाडी कायदा

सामाजिक-आर्थिक पाहणीच्या बाबतीत पुणे हे शहर दरिद्री नाही. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ ते १९३८ या काळात पुणे शहराची विस्तृत पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर त्याच संस्थेच्या अभ्यासकांनी शहराची पुनर्पाहणी करून तिचे निष्कर्ष १९५६ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. घरोघर जाऊन, कुटुंब हे एकक धरून, उत्पन्न, व्यवसाय आणि राहणीमान यांची पद्धतशीर नोंद घेण्याचा हा उद्योग भारतीय नगर-अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो आणि तो तसा आहेही.

तथापि या परंपरेचे एक लक्षण ध्यानात ठेवले पाहिजे. तीत प्रश्न विचारणारा अभ्यासक होता आणि उत्तर देणारा नागरिक. जमा झालेले ज्ञान शासन, नगरपालिका आणि विद्वान यांच्यासाठी होते. ज्याच्या दारात प्रगणक उभा राहिला त्याच्याकडे त्या ग्रंथाची प्रत परत जावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती. हा त्या अभ्यासकांचा दोष म्हणता येणार नाही; त्या काळी शास्त्राची कल्पनाच तशी होती.

याच शहरात, याच सुमारास, दुसरा एक प्रवाह वाहू लागला होता. १९५० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी पुण्याच्या बाजारपेठेतील हमालांना संघटित करून हमाल पंचायतीचा पाया घातला. हमालाची अडचण मुळातच निराळी होती. तो सकाळी एका आडत्याची पोती उतरवी, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची. त्याचा मालक कोण, या प्रश्नास एक उत्तर नव्हते आणि मालक एक नसल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तो कामगारही ठरत नव्हता.

१९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने या पेचातून मार्ग काढला. या कायद्यामागे मुंबईतील माथाडींची अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेली चळवळ होती. कायद्याची रचना अभ्यसनीय आहे. शासन, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ स्थापावयाचे. कामगारांनी आणि मालकांनी त्याकडे नोंदणी करावयाची. मालकाने मजुरी व तिच्यावरील ठराविक टक्के रक्कम मंडळाकडे भरावयाची. आणि मंडळाने त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा इत्यादींची व्यवस्था पाहावयाची. मालक एक नसला तरी कामगाराचे कामगारपण सिद्ध होऊ शकते, हे तत्त्व या कायद्याने मान्य केले. त्याचा पाया नोंदणी हा होता. ज्याचे नाव पटावर आले तो माथाडी. नोंदणीचे हे महत्त्व पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

३. अक्रा आणि अहमदाबाद

महाराष्ट्रात हा कायदा झाला त्याच सुमारास दोन दूरच्या शहरांत या प्रश्नाचा निरनिराळ्या मार्गांनी विचार चालू होता. त्यांचा उल्लेख केल्याविना पुण्याच्या उदाहरणाचे वेगळेपण स्पष्ट होणार नाही.

पहिले शहर घानाची राजधानी अक्रा. कीथ हार्ट या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात तेथील निमा या वस्तीत उत्तरेकडून आलेल्या स्थलांतरितांमध्ये राहून अभ्यास केला. सरकारी आकडेवारीत बेकार ठरलेली ही माणसे दिवसभर कोणत्या ना कोणत्या उद्योगात गुंतलेली असतात, फक्त त्या उद्योगाची कोठे नोंद होत नाही, असे त्यास आढळले. १९७१ मध्ये एका परिषदेत मांडलेल्या आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने उत्पन्नाच्या ‘अनौपचारिक’ संधींचे विवेचन केले. मध्यंतरी, १९७२ साली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियाविषयक अहवालाने ‘अनौपचारिक क्षेत्र’ ही संज्ञा उचलून धरली आणि ती जगभर रूढ झाली. विद्वानांच्या जगात या वर्गास नाव मिळाले ते असे.

दुसरे शहर अहमदाबाद. गिरणी कामगारांच्या मजूर महाजन संघाच्या महिला विभागात काम करणाऱ्या इला भट्ट यांच्याकडे डोक्यावरून माल वाहणाऱ्या आणि हातगाडी ओढणाऱ्या स्त्रिया आपल्या तक्रारी घेऊन आल्या. त्यांतून १९७२ मध्ये ‘सेवा’ ही संघटना उभी राहिली. तिची कामगार संघटना म्हणून नोंदणी करण्यास प्रथम हरकत घेण्यात आली. मालक नाही, तर ही संघटना भांडणार कोणाविरुद्ध, असा आक्षेप होता. संघटना मालकाविरुद्धच असावी लागते असे नव्हे, ती श्रमिकांच्या एकीसाठी असते, असे उत्तर देऊन सेवेने नोंदणी मिळविली. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, सुमारे ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. सही करता न येणाऱ्या खातेदार स्त्रीची ओळख पटावी म्हणून पासबुकावर तिचे छायाचित्र लावण्याची सोय तीत करण्यात आली. नव्या व्यवसायातील स्त्रियांना संघटित करण्यापूर्वी त्या व्यवसायाची पाहणी करावयाची, ही पद्धतही सेवेने पाडली. पुढे इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने १९८८ मध्ये ‘श्रमशक्ती’ हा अहवाल सादर केला. देशभरच्या स्वयंरोजगारी व असंघटित स्त्रियांचे काम त्यात प्रथमच एकत्र मांडले गेले.

अक्रा येथे संज्ञा जन्मास आली आणि अहमदाबाद येथे संघटना. एकीकडे ज्ञान होते, पण ते निमा वस्तीतील माणसाच्या हाती नव्हते. दुसरीकडे संघटना आधी आणि अभ्यास तिच्या गरजेपुरता मागाहून आला. पुण्यातील घटनाक्रम यांपैकी कोणत्याच साच्यात पूर्णपणे बसत नाही, कारण तेथे प्रारंभ विद्यापीठाच्या एका विभागातून झाला.

४. साक्षरतावर्ग ते संघटना

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या आणि आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव धारण करणाऱ्या महिला विद्यापीठाच्या पुणे येथील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीत साक्षरतेचे काम हाती घेतले. या व्यवसायात बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्यांतील बहुसंख्य दलित जातींतील होत्या. १९७२ च्या दुष्काळाने गावातून उखडून पुण्यास आलेली कुटुंबेही त्यांत होती. शेतमजुरी संपली, शहरात दुसरे काम मिळेना, तेव्हा कचराकुंडी हेच रोजगाराचे ठिकाण झाले.

वर्गाचा हेतू अक्षरओळख हा होता. परंतु पहाटे पोते घेऊन निघणारी बाई दुपारी भंगारवाल्याच्या दुकानापुढे माल निवडीत बसते आणि तिची मुलगीही तिच्याबरोबर कुंडी उपसते, हे पाहिल्यावर निव्वळ अक्षरांनी काय साधणार, हा प्रश्न कार्यकर्त्यांपुढे उभा राहिला. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमने या विद्यापीठातील कार्यकर्त्या वेचणाऱ्या बायामुलांबरोबर फेरीस जाऊ लागल्या. माल घरातच वेगळा मिळाला तर कुंडीत हात घालावा लागणार नाही, श्रम व वेळ वाचेल आणि मालास भावही बरा येईल, हा विचार त्या सहवासातून निघाला. तदनुसार सुमारे ३० स्त्रियांना विद्यापीठाने ओळखपत्रे दिली आणि काही निवासी भागांतून सुका माल थेट घेण्याची व्यवस्था केली.

थोड्याच काळात एका उद्योजकाने त्याच भागात वाहन लावून घरोघरचा सुका माल गोळा करण्यास प्रारंभ केला. या स्त्रियांनी त्यास एकजुटीने विरोध केला आणि ते वाहन बंद पाडले. घटना लहान आहे, तरी इतिहासकाराने तिच्यापाशी थांबले पाहिजे. वेगळा केलेला कचरा ही मोलाची वस्तू आहे हे ज्ञान एकदा उघड झाले, की ते ज्याच्या हाती भांडवल आहे तोही उचलू शकतो. उपयुक्त संशोधन आपोआप गरिबाच्याच उपयोगी पडेल अशी खात्री नसते. या प्रसंगाने वेचणाऱ्या स्त्रियांना आणि विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांना संघटनेची निकड एकाच वेळी पटली.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची परिषद भरली. तीस ८०० हून अधिक वेचणाऱ्या उपस्थित होत्या. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन करण्याचा निर्णय तेथे झाला. संघटनेस सहकारी संस्थेचे अथवा सेवाभावी संस्थेचे रूप न देता कामगार संघटनेचे रूप देण्यात आले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आपण दयेस पात्र नसून कामगार आहोत, असा तो दावा होता. नावाचाही विचार करण्यासारखा आहे. त्यात ‘कचरा’ हा शब्द नाही. कागद, काच आणि पत्रा हे विकले जाणारे जिन्नस आहेत. जग ज्यास घाण म्हणते त्यास या स्त्रिया माल म्हणतात, हे नावातच नमूद झाले. ‘कष्टकरी पंचायत’ या उत्तरपदाने हमाल पंचायतीशी असलेले नातेही सांगितले.

५. ओळखपत्र आणि आकडा

संघटनेची पहिली मोठी मागणी ओळखपत्राची होती. पहाटेच्या वेळी पोते घेऊन फिरणारी स्त्री ही संशयित, आणि शहरात कोठे चोरी झाली की प्रथम चौकशी तिची, असा अनुभव होता. १९९५-९६ च्या सुमारास पुणे महानगरपालिकेने आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनेही पंचायतीच्या ओळखपत्रांस मान्यता दिली. शहर स्वच्छ ठेवण्यास या स्त्रियांचा हातभार लागतो, हे त्या मान्यतेमागील तत्त्व होते. माथाडी कायद्यात नोंदणीने जे साधले तेच येथे कायदा नसताना ओळखपत्राने काही अंशी साधले.

परंतु हातभार लागतो म्हणजे किती? या प्रश्नास उत्तर देता येणे आवश्यक होते. कारण महानगरपालिकेचे अंदाजपत्रक उपकाराच्या भाषेवर चालत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने चिकरमने, मेधा देशपांडे आणि नारायण यांनी केलेला अभ्यास २००१ मध्ये पुरा झाला. भंगार वेचणाऱ्या व फेरीवर माल घेणाऱ्या स्त्रिया, भंगाराचे व्यापारी आणि पुनर्वापराचे कारखाने अशी सबंध साखळी त्याने तपासली. शहरात रोज सुमारे १४४ टन पुनर्वापरयोग्य माल वाहतुकीपूर्वीच वेचला जातो, म्हणजे तितके ओझे महानगरपालिकेच्या गाड्यांवर चढत नाही, असे त्यात आढळले. या हिशेबाने प्रत्येक वेचणारी दरमहा २४६ रुपयांचे श्रम महानगरपालिकेस विनामूल्य देत होती.

असा हिशेब बाहेरच्या अभ्यासकास एकट्याने मांडता आला असता काय, याविषयी शंका वाटते. ‘तुला दिवसाला किती मिळते?’ हा पाहणीतील नेहमीचा प्रश्न येथे निरुपयोगी ठरतो. मिळकत मजुरीची नसून मालाची असते. कागदातही जाड पुठ्ठा, वर्तमानपत्र, पांढरा कागद असे भेद असून प्रत्येकाचा भाव निराळा. पावसाळ्यात कागद भिजतो आणि भाव उतरतो. दुकानदार ओलाव्याची घट धरतो; कधी काटाही मारतो. अडल्यावेळी घेतलेली उचल त्या त्या दिवशीच्या हिशेबातून वळती होते. हे सारे वेचणारीस तोंडपाठ असते, परंतु पाहणीच्या प्रश्नावलीत त्यास रकाना नसतो. संघटनेचा आणि सभासदांचा अनेक वर्षांचा विश्वास पाठीशी असल्यामुळेच ही माहिती मोकळेपणाने मिळू शकली. येथे श्रमिकांचा सहभाग नैतिकदृष्ट्या इष्ट होताच. परंतु माहिती खरी मिळण्याचीही ती अट होती.

निष्कर्षाचा उपयोग काय झाला, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे आहे. आकडा ग्रंथालयात राहिला नाही. तो संघटनेने महानगरपालिकेपुढे ठेवला. आम्ही मागतो ते दान नव्हे, आमच्या श्रमाचा अल्पसा परतावा आहे, अशी मांडणी आता शक्य झाली. २००२-०३ मध्ये पुणे महानगरपालिकेने नोंदणीकृत वेचणाऱ्यांच्या सामूहिक आरोग्यविम्याचा हप्ता भरण्यास प्रारंभ केला. अर्थात हे केवळ एका अहवालामुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यामागे मोर्चे, निवेदने आणि दहा वर्षांची संघटना होती. परंतु मोर्च्यातील मागणीस हिशेबाचा आधार मिळाला, हे निर्विवाद आहे.

६. करार आणि परस्परशिक्षण

२००० साली केंद्र शासनाने नागरी घनकचऱ्यासंबंधी केलेल्या नियमांनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याचा आग्रह धरला. नगरपालिकांनी हे काम ठेकेदारांकडे सोपविले, तर वेचणाऱ्यांचा माल मुळातच तुटणार होता. १९९० च्या दशकातील त्या वाहनाचा प्रसंगच मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडू पाहत होता. पंचायतीने यावर प्रतिप्रस्ताव मांडला, की घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम वेचणाऱ्यांनाच द्यावे. काही भागांत प्रयोग करून पाहिल्यावर ‘स्वच्छ’ ही वेचणाऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महानगरपालिकेशी ५ वर्षांचा करार झाला. सभासदाने घरोघर जाऊन ओला व सुका कचरा घ्यावा, घरटी ठरलेले शुल्क घ्यावे, सुका माल विकून येणारे उत्पन्न तिचे स्वतःचे राहावे, अशी ही व्यवस्था होती.

पुण्यातील हा अनुभव पुण्यापुरता राहिला नाही. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘वीगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेत संशोधक, संख्याशास्त्रज्ञ आणि सेवेसारख्या श्रमिक संघटना एकत्र आल्या. २००८ च्या मार्चमध्ये कोलंबियातील बोगोटा येथे अनेक देशांतील कचरा वेचणाऱ्यांची परिषद भरली व भारतातील प्रतिनिधीही तीत होते. २०१२ मध्ये वीगो व तिच्या सहकारी संघटनांनी दहा शहरांत तीन व्यवसायांची तुलनात्मक पाहणी केली. त्यांत कचरा वेचणाऱ्यांच्या अभ्यासासाठी पुणे हे एक शहर होते. याच पाहणीत पथविक्रेत्यांसाठी निवडलेले एक शहर अक्रा होते. कीथ हार्टने ज्या शहरात चार दशकांपूर्वी एकट्याने टिपणे घेतली, तेथील पथविक्रेते आता गटचर्चेत बसून आपल्या व्यवसायावर परिणाम करणाऱ्या गोष्टींची वर्गवारी करीत होते. ज्ञानाचे स्वरूप बदलल्याचे हे बोलके उदाहरण होय. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने अनौपचारिक अर्थव्यवस्थेविषयी २०४ क्रमांकाची शिफारस संमत केली आणि भारतात २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा वेचणाऱ्यांचा नामनिर्देश करून त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. शहराशहरांतून जमलेला अनुभव यांपाठीमागे होता.

७. मर्यादा

येथवरचे विवेचन वाचून संशोधनाने सर्व काही साधते असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे.

पहिली मर्यादा युक्तिवादाच्या स्वरूपातच आहे. वेचणारीमुळे महानगरपालिकेचा खर्च वाचतो, हा आकडा प्रभावी ठरला खरा. पण त्याने तिचे मोल तिच्या स्वस्तपणात शोधले. उद्या एखाद्या यंत्राने किंवा ठेकेदाराने त्याहून अधिक बचत दाखविली, तर हाच युक्तिवाद तिच्यावर उलटू शकतो. ‘स्वच्छ’च्या पहिल्या कराराची मुदत संपल्यानंतर नूतनीकरणाचा प्रश्न वारंवार उपस्थित झाला, हे या दृष्टीने सूचक आहे. उपयुक्ततेचा हिशेब दार उघडतो; हक्काची हमी मात्र तो देऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा गणनेची आहे. पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांतून निवडलेले असावेत असे ठरविले आणि पाहणी पूर्ण होईपर्यंत कोणासही उठवू नये असा निर्बंध घातला. पाहणीस कायद्याने असे संरक्षक स्थान दिले ही लक्षणीय गोष्ट होय. परंतु पाहणी हाच हक्काचा दरवाजा झाला, की पाहणीच्या दिवशी जो विक्रेता आजारी आहे, गावी गेला आहे किंवा ज्याच्यापाशी कागद नाहीत, तो दरवाजाबाहेर राहतो. मोजणारा कोण आणि नाव राहून गेले तर दाद कोठे मागावयाची, हे प्रश्न संख्याशास्त्राइतकेच राजकारणाचेही आहेत.

तिसरी मर्यादा नोंदणी आणि लाभ यांतील अंतराची. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत पुढील काही वर्षांत ३० कोटींहून अधिक असंघटित श्रमिकांची नावे आली. एवढी मोठी नामावली पूर्वी कधी झाली नव्हती. तथापि माथाडी मंडळाच्या पटावर नाव येताच मजुरी, निधी आणि रजा यांची यंत्रणा सुरू होई. पंचायतीच्या ओळखपत्रापाठीमागे तिच्या हजारो सभासदांची संघटना होती. ज्या नोंदणीपाठीमागे मंडळ नाही आणि संघटनाही नाही, तिच्यातून हक्क आपोआप उत्पन्न होत नाहीत. इतिहासाने दिलेला हा इशारा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

८. उपसंहार

पुण्याच्या उदाहरणातून विद्यापीठीय विभागांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी, की तेथे संशोधनाचा प्रश्न ग्रंथालयात तयार झाला नाही. तो साक्षरतावर्गात, हाती घेतलेले काम अपुरे पडत आहे या कबुलीतून निघाला. आपल्या कार्यक्रमाची मर्यादा दिसताच तो बदलण्याची तयारी त्या विभागाने दाखविली आणि पुढचे सारे त्यातून घडले. दुसरी गोष्ट, निष्कर्ष परत नेण्याची. असंघटित श्रमिकांविषयीचे प्रबंध आज आपल्या विद्यापीठांतून दरवर्षी सादर होतात. त्यांतील किती प्रबंधांचा सारांश ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले त्यांच्या संघटनेपर्यंत, त्यांना कळेल अशा मराठीत पोहोचतो, याचा विचार प्रत्येक मार्गदर्शकाने करावयास हवा.

तिसरी गोष्ट खास इतिहासाच्या विद्यार्थ्यांची आहे. प्रारंभी ज्या अडचणीचा उल्लेख केला ती अद्याप कायम आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, हमाल पंचायत, माथाडी मंडळे, पथविक्रेत्यांच्या आणि मोलकरणींच्या संघटना यांच्या सभासद-नोंदवह्या, सभांची इतिवृत्ते, पतसंस्थांची खातेपुस्तके, मोर्च्यांची पत्रके, महानगरपालिकांशी झालेला पत्रव्यवहार ही उद्याच्या इतिहासाची मूळ साधने आहेत. दमट खोल्यांतून आणि कार्यकर्त्यांच्या घरातील ट्रंकांतून ती नष्ट होण्यास वेळ लागणार नाही. ज्या स्त्रिया १९९३ च्या परिषदेस हजर होत्या त्यांतील अनेकजणी आज वृद्ध झाल्या असतील. त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्या संमतीने नोंदवून ठेवणे, आणि त्या नोंदीची एक प्रत संघटनेच्या दप्तरी राहील अशी व्यवस्था करणे, हे काम कोणत्याही पदव्युत्तर विभागास आपल्या मर्यादित साधनांत करता येण्यासारखे आहे.

ज्यांची नोंद नव्हती त्यांनी आपली नोंद करून घेतली, हा गेल्या अर्धशतकातील असंघटित श्रमिकांच्या इतिहासाचा एक मोठा भाग आहे. ती नोंद जतन करण्याची आणि ज्यांची ती आहे त्यांच्या हाती राहू देण्याची जबाबदारी आता अभ्यासकांकडे आली आहे.